मारुतीच्या घंटेचा हूक

काशीराम राऊळ सकाळी दूध आणायला खाली उतरले की वाटेतल्या एकेका लोखंडाशी त्यांचं भांडण व्हायचं. पहिल्या मजल्याच्या खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा, मीटरची पेटी, गेटची बिजागरी. बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा, आणि मग ज्याने ते बसवलं त्याच्या नावाने बोटं मोडायची.

"पितळेचा नळ घेतला झकास, आणि जोडला कुठे, तर थेट लोखंडी पाइपाला. पाइपाला तो आता खाऊनच टाकणार. प्लंबर आणला होता की वैरी?"

ऐकायला कोणी असो नसो. गोराईच्या खाडीवरून खारा वारा सुटतो आणि बोरिवली पश्चिमेच्या या टोकाला एसीचे स्टँड पाच-सात वर्षांत पापडासारखे होतात, हे सोसायटीत सगळ्यांनाच दिसत होतं. चिडायचं काम मात्र सगळ्यांनी मिळून राऊळकाकांवर सोपवलं होतं. पोरांनी त्यांचं नाव 'गंजकाका' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचाही राग होताच.

राग आला की ते ओरडत नसत. आवाज उलट खाली जायचा, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि समोरच्याला वाटायचं, त्यापेक्षा यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वडील गिरणीत, आणि गिरणी गेल्यावर घरी. काशीराम भांडुपच्या एका पंपांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले ते एकतीस वर्षं तिथेच. ॲसिड वाहून नेणारे पंप. तिथे ते एक गोष्ट शिकले, की धातू कसा घडवलाय याच्याआधी तो कोणता निवडलाय हे बघायचं. आणि तो कोणाच्या शेजारी बसवलाय हेही बघायचं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. धातूंचं तसं नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून ठेवले आणि मध्ये ओल आली, की त्यातला एक दुसऱ्याच्या पायी झिजत जातो. आवाज नाही, वास नाही. वर रंग मारला तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

हे सगळं कारखान्यात शिकलेलं. चिडायला मात्र ते एका दिवसात शिकले.

त्या दिवशी एका पंपाच्या झाकणाला बारा बोल्ट लावायचे होते. भारी प्रतीच्या स्टीलचे. त्या बोल्टच्या डोक्यावर प्रतीचा ठसा कोरलेला असतो. स्टोअरमधून जे आले ते कोऱ्या डोक्याचे होते. काशीराम साहेबांकडे गेले.

"साहेब, ह्याच्यावर ठसा नाही."

"मॅग्नेट लावून बघितलंय मी. चिकटत नाही. म्हणजे स्टील आहे ना? लाव. खाली टेम्पो उभा आहे."

चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील अस्सल, हा समज साऱ्या मुंबईचा. भांड्यांच्या दुकानात बायका पर्समधून चुंबक काढून बघतात. पण हलक्या प्रतीचं, निकेल वाचवून केलेलं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. चमकतंही तेवढंच. काशीरामना हे ठाऊक होतं. साहेबांना ते एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायला ते गेले नाहीत. बाराच्या बारा बोल्ट त्यांनी स्वतःच्या हाताने आवळले.

चार महिन्यांनी तो पंप दुरुस्तीला परत आला. धुऊन आलाय असं कागदावर लिहिलं होतं. श्यामसुंदर वाघमारे, काशीरामांचा जोडीदार, दोघांचा डबा एक, सुट्टी एक. त्याने झाकणाला पाना लावला आणि तीन बोल्टची डोकी मुळा मोडावा तशी मोडली. आत उरलेलं ॲसिड दाबाने उडालं. श्यामसुंदरचा डावा डोळा गेला.

चौकशीत कोऱ्या बोल्टचा विषय निघालाच नाही, आणि काशीरामांनी तो काढला नाही. मुलगी लहान होती, नोकरी हवी होती. श्यामसुंदर पुढे मुलुंडला भावाकडे राहायला गेला. काशीरामांनी त्याला सगळं सांगितलं ते निवृत्तीच्या दिवशी. श्यामसुंदर म्हणाला, "माहीत होतं रे मला. बोल्ट मीही बघितले होते ना. मीपण गप्पच होतो." त्या वाक्याने मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. राग तेवढा वाढला, आणि तो कोणावर आहे हे कळेनासं झाल्यामुळे तो खिडक्यांच्या जाळ्यांवर निघू लागला.

सोसायटीच्या आवारात पिंपळाखाली मारुतीचं छोटं देऊळ आहे. चार खांब, वर पत्रा, पत्र्याखाली लोखंडी आडवा दांडा. दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरी नितेशने तिथे पितळी घंटा बांधली. बारा किलोची, वडिलांच्या स्मरणार्थ. वडील त्याच वर्षी गेले होते आणि घंटेवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. घंटा अडकवायला हूक आणला होता, करंगळीएवढ्या जाडीचा, आरशासारखा चकाकता. राऊळकाका बघताहेत म्हटल्यावर नितेशने खिशातून फ्रिजवर लावायचा गणपतीचा चुंबक काढला आणि चार माणसांसमोर हुकाला लावला. चुंबक सुळकन खाली घसरला.

"बघा काका. एक नंबर माल आहे. आता काही बोलू नका."

काकांच्या पाळ्या लाल झाल्या. "चुंबकाने काय कळत नाही रे. खाडी इथून हाकेवर आहे. हे हलकं स्टील खाऱ्या वाऱ्याला टिकत नाही. घंटा पितळेची आहे ना, मग हूकपण पितळेच्याच घरातला घे. गनमेटलचा. मी करून आणतो."

"काका, प्लीज." नितेशने घसरलेला चुंबक उचलून खिशात टाकला. "बाबांच्या नावाची घंटा आहे. आज अपशकुनासारखं नका ना बोलू."

मेलेल्या माणसाचं नाव मध्ये आलं. त्याच्यापुढे काय बोलणार? काका गप्प बसले. घरी येऊन जेवले नाहीत. बायको जानकी म्हणाली, "देवाची घंटा ती, देवच सांभाळता." ते म्हणाले, "देवान सांगलेलो नाय चुंबक लावूक."

दोन वर्षं घंटा वाजली. शनिवारी तर एवढी, की तिसऱ्या मजल्यावर बोलणं ऐकू येऊ नये. पहिल्या मजल्यावरची श्रुतिका रोज ऑफिसला जाण्याआधी आपल्या चार वर्षांच्या मनालीला कडेवर घेऊन यायची, आणि मनाली दोन्ही हातांनी लोलक धरून जीव खाऊन हलवायची. बरोबर घंटेखाली.

यंदा होळी झाल्यावर एका शुक्रवारी काका दूध घेऊन येत होते. देवळात जानकीबाई स्टुलावर उभ्या राहून घंटा घासत होत्या. दर शुक्रवारी घासायच्या, शनिवारची तयारी म्हणून. काकांनी हे शंभरदा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी हातातली वाटी पाहिली. लिंबाच्या फोडी आणि जाडं मीठ. आणि जानकीबाई घंटेबरोबर हूकही घासत होत्या, अगदी मनापासून, वाकणाच्या आतपर्यंत बोट घालून.

"किती वर्सां लावतंस ह्या?" काकांचा आवाज खाली गेला.

"घंटा टांगल्यापासून. कित्याक?"

"हुकाक पण?"

"देवाच्या वस्तूक अर्धा घासूचा आणि अर्धा ठेवूचा? तसा करतत काय कोण?"

काका स्टुलावर चढले. हुकाच्या वाकणात, जिथे घंटेची कडी बसते, तिथे चहाच्या रंगाचा ओघळ होता. नखाने खरवडलं तर तपकिरी भुकटी आली, आणि भुकटीखाली टाचणीच्या टोकाने टोचावीत तशी भोकं. एक नाही, ओळीने.

घरी आल्यावर दोघांचं कडाक्याचं वाजलं. जानकीबाईंचं म्हणणं, पितळ लिंबू-मिठानेच निघतं, आईने तेच केलं, आजीने तेच केलं, आणि तुम्हाला देवळातली माझी सेवा डोळ्यांत खुपते. काकांनी हातातलं दूध ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "कैरीचा लोणचा खंयच्या बरणीत घालतंस?"

"चिनी मातीच्या. तुमका ठावक नाय?"

"स्टीलच्या डब्यात कित्याक नाय?"

"डबो खराब होता. मीठ खाता डब्याक." आणि बोलता बोलता जानकीबाई थांबल्या.

"आणि तू दोन वर्सां त्या हुकाक लोणचा लावलंस."

त्यांनी पदर तोंडाला लावला. काकांना वाईट वाटलं, पण राग ओसरला नव्हता, म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. जानकीबाई आतूनच म्हणाल्या, "दोन वर्सां तुमी गप कित्याक ऱ्हवलात? तुमका तर ठावक होता सगळा." 

संध्याकाळी ते सोसायटीच्या ऑफिसात गेले. नितेश कागद बघत होता.

"घंटा उतरव."

"काका, बसा तरी."

"हुकाला भोकं पडलीत. खाली लहान मूल उभं राहतं. उतरव."

"हनुमान जयंती तोंडावर आलीय. जयंतीनंतर बघू ना. एवढे दिवस चाललंय, अजून चार दिवस चालेल."

चालेल. या एका शब्दाने काकांचं डोकं जितकं फिरायचं तितकं दुसऱ्या कशाने नाही. साऱ्या मुंबईचा कारभार या एका शब्दावर चालतो, आणि चालता चालता एक दिवस कोणाच्या तरी अंगावर पडतो.

"कोणाच्या जिवावर चालेल?" ते म्हणाले.

"काका, तुम्ही गेट पडेल म्हणालात, पडलं? टाकी फुटेल म्हणालात, फुटली? गेली दहा वर्षं तुम्ही सगळं पाडताय यार."

बाहेर बाकावर बसलेले दोघे हसले. गेटची बिजागरी काकांनीच बदलून दिली होती, म्हणून पडलं नव्हतं. ते सांगण्यात अर्थ नव्हता. ते उठून आले.

पुढे दोन वेळा गेले. दोन्ही वेळा उत्तर तेच, जयंतीनंतर. आणि जयंतीच्या आदल्या सकाळी देवळाची रंगरंगोटी झाली तेव्हा त्यांना दिसलं, की हुकावर चंदेरी रंगाचा हात मारलाय. वर, खाली, वाकणात, भोकांवरून. हूक परत आरशासारखा. कोणाला काही दिसण्याची सोयच ठेवली नव्हती.

काका तिथेच उभे राहिले. डोळ्यांपुढे कोऱ्या डोक्याचे बारा बोल्ट ओळीने उभे राहिले. मग ते घरी गेले आणि माळ्यावरून घडीची शिडी काढली. जानकीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी शिडीकडे बघितलं, यांच्या कानांकडे बघितलं, गॅस बंद केला आणि पदर खोचला.

"पाना घेतलात?"

सकाळचे नऊ वाजले होते. मांडववाले बांबू उतरवत होते, बायका रांगोळीची जागा सारवत होत्या, सगळी सोसायटी खाली. काकांनी आडव्याला शिडी लावली. जानकीबाईंनी आधी मारुतीला हात जोडले, मग शिडी घट्ट धरली. काका वर चढून नट सैल करू लागले तसा ऑफिसातून नितेश धावत आला.

"काका, खाली उतरा. देवाच्या वस्तूला हात लावताय तुम्ही. उद्या जयंती आहे."

"म्हणून तर आज लावतोय."

"माझ्या बाबांची घंटा आहे ती."

"तुझ्या बाबांच्या नावाने उद्या पोराचं डोकं फुटलं तर त्यांचं नाव राहील काय रे?"

हे फार कडू होतं. नितेश पांढरा पडला. कोणीतरी म्हणालं, म्हातारं भ्रमलंय. कोणी म्हणालं, पोलीस बोलवा. एक जण शिडीकडे आला तर जानकीबाई म्हणाल्या, "शिडीक हात लावलंस तर माज्याशी गाठ आसा." आयुष्यात कोणाशी वर आवाज न केलेली ती बाई. तो माणूस मागे सरला.

घंटा खाली आली. काकांनी ती जानकीबाईंच्या पदरात दिली, हूक सोडवला, खिशातला पॉलिश पेपर काढून वाकणातला रंग खरवडला आणि हूक नितेशच्या हातावर ठेवला.

नितेशने तो उलटसुलट केला. भोकं होती. पण हूक अख्खा होता. त्याने तो गेटच्या दांड्याला अडकवला आणि दोन्ही हातांनी धरून लोंबकळला. पाय जमिनीवरून उचलले. हूक तुटला नाही. बघणाऱ्यांत हशा पिकला.

"बघा," नितेश धापा टाकत म्हणाला. "माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे. घंटा बारा किलोची. आता काय म्हणणं आहे?"

सगळे काकांकडे बघत होते. खरं सांगायचं तर काकांनाही वाटलं होतं, की तुटेल. तुटायला हवा होता. क्षणभर त्यांना स्वतःचीच शंका आली. मग ते बोलले, आवाज इतका खाली, की लोकांना पुढे वाकावं लागलं.

"हा आज रात्री तुटेल की दहा वर्षांनी, मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे? तू ठाऊक नसताना वर रंग मारलास. मी ठाऊक नाही म्हणून उतरवला."

मागून श्रुतिका पुढे आली. मनाली तिच्या कडेवर होती. "नितेशदादा, काका हो म्हणेपर्यंत माझी पोरगी त्या घंटेखाली उभी राहणार नाही," ती म्हणाली. "आणि रंग कोणी मारायला सांगितला, ते आज मीटिंगमध्ये सांग." तिच्यामागे आणखी दोन आया येऊन उभ्या राहिल्या. हशा विरला.

हनुमान जयंती घंटेविना झाली. आरतीला पोरांनी स्टीलची ताटं बडवली. दोन-तीन घरांनी राऊळांकडे प्रसाद पाठवला नाही. जानकीबाईंनी एकट्याने बसून मारुतीस्तोत्र अकरा वेळा म्हटलं, आणि काका शेजारी बसून राहिले, एकदाही न पुटपुटता.

पुढच्या आठवड्यात मुलुंडहून श्यामसुंदर आला. दोघे जाऊन गनमेटलची सळई घेऊन आले. दुकानदाराने शपथा घेतल्या तरी श्यामसुंदरने कानस मारून आतला रंग बघितला, एक डोळा बारीक करून, आणि तीन सळया परत केल्या. चौथी घेतली. ओळखीच्या लेथवर हूक करवला. देवळाच्या लोखंडी आडव्याला तो थेट टेकू नये म्हणून मध्ये नायलॉनची नळीसारखी बुशी आणि दोन वॉशर.

"आता?" श्यामसुंदरने विचारलं.

"आता लोखंडाचा आणि ह्याचा संबंध नाही. घंटेचा आणि ह्याचा आहे, पण ते एकाच घरातले. जानकीला काय घासायचं ते घासू दे."

"मी नुसत्या पाण्यान धुतलंय ह्या शुक्रवारी," जानकीबाई खालून म्हणाल्या. "लिंबू सरबताक ठेवलंय."

घंटा चढली तेव्हा नितेश आला होता. लांब उभा राहिला. श्यामसुंदरच्या डाव्या डोळ्याकडे त्याची नजर गेली आणि त्याने ती लगेच काढून घेतली. कोणी त्याला काही सांगितलं नाही. घंटेवरच्या बाबांच्या नावाला लागलेला रंगाचा शिंतोडा काकांनी आपल्या रुमालाने पुसला, हे मात्र त्याने पाहिलं.

माफी कोणी कोणाची मागितली नाही. नितेश काही हार मानणाऱ्यातला नव्हता. जुना हूक त्याने सोसायटीच्या ऑफिसात छताला टांगला आणि त्याला आगीसाठी ठेवलेली वाळूने भरलेली लाल बादली अडकवली. "बघू कधी तुटतो ते. काकांना दाखवायचंय मला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. काका ऑफिसात गेले, वर बघितलं, खाली बघितलं. टेबलावरचा खडू उचलला, गुडघे टेकून बादलीखाली जमिनीवर हातभर रुंद गोल काढला आणि निघून आले.

महिना होऊन गेला. हूक अजून तुटलेला नाही. काका रोज दूध आणताना खिडकीतून बघतात आणि रोज चिडतात. खडू पुसट झाला की आत जाऊन गोल पुन्हा काढतात. नितेश त्यांना हसतो. पण त्याची खुर्ची पूर्वी जिथे होती तिथे आता नाही, भिंतीकडे सरकली आहे. आणि फाइल काढायला कपाटाकडे जाताना तो सरळ जात नाही. गोलाला वळसा घालून जातो.